अर्धी स्मृती, पुरते वैर

(वसंत व्याख्यानमालेत ‘राष्ट्रवाद, संघर्ष आणि इतिहासाची स्मृती’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तेव्हा तो भारताच्या अंगाने मांडला जाईल, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी मात्र आज आपल्याला पूर्व आशियात नेणार आहे. घरच्या तंट्यात मनुष्य तटस्थ राहू शकत नाही. शेजारच्या गावातील तंटा पाहिला की त्यातील न्याय-अन्याय आणि आडमुठेपणा चटकन ध्यानात येतो. जपान, चीन आणि कोरिया ही तीन प्राचीन, स्वाभिमानी आणि कर्तबगार राष्ट्रे. त्यांच्या लिपीत, विचारात आणि उपासनेत कितीतरी समान धागे आहेत. बुद्धाचा विचार तिघांनीही आपला मानला. तरीही दुसरे महायुद्ध संपून ऐंशी वर्षे उलटल्यावर त्या युद्धाची आठवण त्यांना शांत बसू देत नाही. असे का व्हावे, याचा विचार आपण करू आणि अखेरीस आपल्या घरी परत येऊ.

एका विजयाच्या दोन आठवणी

मे १९०५ मध्ये सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियाच्या आरमाराची धूळधाण उडवली. एका आशियाई राष्ट्राने युरोपातील महासत्तेला नमवले, ही वार्ता आली तेव्हा भारतातील राष्ट्रीय वृत्तीच्या माणसांना केवढा आनंद झाला! गोरा माणूस अजिंक्य नाही, हे त्या विजयाने सिद्ध केले. आपल्या राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात त्या घटनेचा उल्लेख आजही गौरवाने होतो, आणि तो योग्यच आहे.

परंतु त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला सेऊलमध्ये काय घडले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? राजवाड्याभोवती जपानी सैनिक उभे असताना इतो हिरोबुमी या जपानी मुत्सद्द्याने कोरियाच्या मंत्र्यांकडून एका करारावर मान्यता घेतली. कोरियाचा परराष्ट्र व्यवहार जपानच्या हाती गेला आणि १९१० साली संपूर्ण देशच जपानी साम्राज्यात विलीन झाला. पुढची ३५ वर्षे कोरिया ही जपानची वसाहत होती. १९४० पासून कोरियन माणसाला स्वतःचे आडनाव टाकून जपानी नाव घेण्यास भाग पाडण्यात आले. ज्या विजयाने आपल्याकडे आशेचा दीप लावला, त्याच विजयाने कोरियाच्या घरात अंधार केला. घटना एक, स्मृती दोन. आणि दोन्ही खऱ्या!

१९०९ च्या ऑक्टोबरमध्ये हार्बिनच्या रेल्वेस्थानकावर आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने त्या इतोंवर गोळ्या झाडल्या. पुण्याच्या चापेकर बंधूंचे स्मरण असलेल्या महाराष्ट्राला आनविषयी अधिक सांगायला नको. कोरियात तो हुतात्मा आहे. इतो मात्र जपानचे पहिले पंतप्रधान. १९६३ पासून दोन दशके हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. २०१४ मध्ये चीनने हार्बिनच्या स्थानकात आनचे स्मारक उभारले तेव्हा जपानने निषेध नोंदवला. एका राष्ट्राचा हुतात्मा दुसऱ्याच्या दप्तरी गुन्हेगार असतो, हे आपण समजू शकतो. प्रश्न त्यापुढचा आहे. समोरच्याच्या दप्तरात काय लिहिले आहे, ते वाचण्याची तरी आपली तयारी असते का?

यासुकुनीचे कोडे

टोकियोतील यासुकुनी हे शिंतो देवस्थान १८६९ साली स्थापन झाले. देशासाठी प्राण दिलेल्या सुमारे २४ लाख ६६ हजार जणांना तेथे देवत्व दिलेले आहे. तेथे अस्थी नाहीत, नावे आहेत. भाद्रपदात पितरांचे स्मरण करणाऱ्या आपल्या समाजाला या भावनेचे अप्रूप वाटावे असेच आहे. रणांगणावर पडलेल्या मुलाची आई तेथे हात जोडते तेव्हा तिला आक्रमक म्हणणे क्रूरपणाचे ठरेल.

कोडे निर्माण झाले ते १९७८ साली. त्या वर्षी १४ नावे त्या यादीत गाजावाजा न करता समाविष्ट करण्यात आली. टोकियोच्या आंतरराष्ट्रीय खटल्यात ‘अ’ वर्गाचे युद्धगुन्हेगार म्हणून दोषी ठरलेले, किंवा खटला चालू असतानाच वारलेले हे नेते होते. पंतप्रधान तोजो त्यांत होते. नानजिंग, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतील नानकिंग, घेणाऱ्या सैन्याचे सेनापती मात्सुई इवाने हेही होते. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तेथे कधीच गेले नाहीत. त्या १४ नावांमुळे त्यांचे मन उद्विग्न झाले होते, हे त्यांच्या एका दरबारी अधिकाऱ्याच्या टिपणांतून २००६ साली जगाला कळले. ज्यांच्या नावाने ते युद्ध लढले गेले, त्या सम्राटांनीच तेथील दर्शन थांबवले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पंतप्रधान कोइझुमी मात्र २००१ ते २००६ या काळात दरवर्षी, असे सहा वेळा गेले. शिंझो आबे डिसेंबर २०१३ मध्ये गेले तेव्हा चीन आणि कोरिया संतापलेच, अमेरिकेनेही निराशा व्यक्त केली.

त्या यादीत सुमारे २१ हजार नावे कोरियन माणसांचीही आहेत. जपानी सैन्यात भरती होऊन मेलेल्या या माणसांपैकी काहींच्या वारसांनी ती नावे वगळावीत म्हणून न्यायालयाची पायरी चढली. एकदा सामावलेला आत्मा वेगळा काढता येत नाही, असे देवस्थानाचे उत्तर आहे. ज्याचा देश गिळला, त्याच्या मृतात्म्यावरही हक्क सांगितला जातो, हे दुःख आपण पारतंत्र्य भोगलेल्यांनी समजून घेतले पाहिजे.

येथे जपानवर अन्याय होऊ नये. जपानने क्षमा मागितलीच नाही, हा प्रचार खोटा आहे. १९९३ चे कोनो निवेदन आहे; वसाहतवादी राजवट आणि आक्रमण यांबद्दल क्षमा मागणारे १९९५ चे पंतप्रधान मुरायामा यांचे निवेदन आहे. अडचण अशी की एक पंतप्रधान क्षमा मागतो आणि काही दिवसांत एखादा मंत्री तसे काही घडलेच नव्हते असे म्हणतो. २००१ साली गाजलेले ते वादग्रस्त इतिहासाचे पाठ्यपुस्तक जपानमधील एक टक्का शाळांनीही स्वीकारले नव्हते. पण शेजाऱ्यांच्या लक्षात शाळांचा नकार राहिला नाही. सरकारने त्या पुस्तकाला दिलेली मान्यता राहिली.

नळासारखी स्मृती

आता चीनकडे वळू. १३ डिसेंबर १९३७ रोजी नानजिंग पडले आणि त्यानंतरच्या आठवड्यांत तेथे जे घडले, ते मानवजातीला लाज आणणारे आहे. टोकियो न्यायाधिकरणाने मृतांची संख्या दोन लाखांहून अधिक मानली, चीन तीन लाख सांगतो, काही जपानी संशोधक पुष्कळ कमी सांगतात. आकड्यांवर वाद होऊ शकतो. हत्याकांड झाले यावर होऊ शकत नाही. जॉन राबे हा तेथील जर्मन व्यापारी प्रतिनिधी हिटलरच्या पक्षाचा सदस्य होता. त्यानेच अन्य परदेशी रहिवाशांसह सुरक्षित क्षेत्र उभारून हजारो चिनी नागरिकांचे प्राण वाचवले आणि पाहिलेले सारे रोजनिशीत लिहून ठेवले. याहून निःपक्षपाती साक्ष कोणती असणार?

पण या भीषण घटनेचे सरकारी स्मारक नानजिंगमध्ये केव्हा उभे राहिले? १९८५ साली, घटनेनंतर ४८ वर्षांनी आणि कम्युनिस्ट सत्तेवर आल्यानंतर ३६ वर्षांनी. माओच्या काळात या जखमेची फारशी वाच्यता नव्हती. जपानी आक्रमण झाले म्हणूनच आम्हाला सत्ता मिळाली, तेव्हा क्षमा कसली मागता, अशा आशयाचे उद्गार माओने १९६४ साली जपानी समाजवादी पाहुण्यांसमोर काढले होते. १९७२ मध्ये संबंध पूर्ववत करताना चीनने युद्धभरपाईचा हक्कही सोडला. तेव्हा सोव्हिएत रशियाविरुद्ध जपान हवा होता. स्मृती फडताळात गेली. पुढे १९८९ मध्ये तिआनमेन चौकात स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर सैन्य सोडावे लागले. साम्यवादावरील श्रद्धा ओसरली होती, राजवटीला नवा आधार हवा होता. १९९४ पासून देशभक्तिपर शिक्षणाची मोठी मोहीम सुरू झाली आणि फडताळातील स्मृती बाहेर काढली गेली.

स्मृती खरी होती, पण तिचा नळ सरकारच्या हातात गेला. एप्रिल २००५ चे उदाहरण घ्या. भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील हे चार देश सुरक्षा परिषदेतील स्थायी जागेसाठी एकत्र प्रयत्न करत होते. तेव्हाच चीनच्या शहरांत जपानविरोधी निदर्शने उसळली, टोकियोच्या वकिलातींवर दगड पडले आणि पोलीस पाहत राहिले. चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ त्या वेळी आपल्या देशात पाहुणे होते. इतिहासाला सामोरे जाण्याचा उपदेश त्यांनी जपानला केला तो दिल्लीतून! काही आठवड्यांत सरकारने मनावर घेतले आणि निदर्शने थांबली. उत्स्फूर्त क्षोभ असा हुकमाने थांबत नसतो. १९७९ पासून चार दशके जपानने चीनला सुमारे ३.६ लाख कोटी येन इतके विकाससाहाय्य दिले, हे मात्र सामान्य चिनी माणसाच्या कानावर फारसे जाऊ दिले गेले नाही.

२०१४ पासून १३ डिसेंबर हा चीनचा राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये विजयाच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त बीजिंगमध्ये प्रचंड लष्करी संचलन झाले. पुतिन आणि किम जोंग उन हे शी जिनपिंग यांच्या शेजारी होते. दोनच महिन्यांनी जपानच्या पंतप्रधान सानाए ताकाइची यांनी, तैवानवर आक्रमण झाल्यास जपानच्याही अस्तित्वाला धोका निर्माण होऊ शकतो, असे संसदेत सांगितले. चीनने आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका असे बजावले आणि जुन्या लष्करशाहीचा उद्धार पुन्हा सुरू झाला. या साऱ्या स्मरणात काय नाही तेही पाहा. १९५९ ते ६१ या काळात राजवटीच्या धोरणांमुळे पडलेल्या दुष्काळात कोट्यवधी चिनी माणसे मेली. त्यांचा स्मृतिदिन नाही. तिआनमेनचे नाव काढता येत नाही. १९७९ मध्ये व्हिएतनामवर केलेल्या स्वारीची फारशी चर्चा होत नाही. ज्या राष्ट्राला फक्त शत्रूची पापे आठवतात, त्याची स्मृती अर्धीच म्हटली पाहिजे.

दाबलेली आठवण

कोरियाची कथा वेगळी. १९६५ साली लष्करशहा पार्क चुंग-ही यांनी जपानशी करार केला. जपानने ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज दिले, आणि परस्परांचे सर्व दावे मिटले असे लिहिले गेले. त्या पैशातून पोलादाचा कारखाना उभा राहिला, देश उद्योगसंपन्न झाला. परंतु जपानी खाणींत आणि कारखान्यांत राबवलेल्या मजुरांना त्यातून फार थोडे मिळाले. जपानी सैन्याच्या छावण्यांतून ज्या स्त्रियांची विटंबना झाली, त्यांच्याबद्दल तर त्या करारात अवाक्षर नव्हते. सैन्याने त्यांना ‘सांत्वन देणाऱ्या स्त्रिया’ असे गोंडस नाव दिले होते. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या वृद्धेने आपली कहाणी सर्वांसमोर सांगितली, तेव्हा अर्ध्या शतकाचे मौन सुटले. १९८७ मध्ये लोकशाही आली नसती तर कदाचित ते सुटलेही नसते.

दोन सरकारांनी कागदावर मिटवलेला प्रश्न समाजाच्या मनात मिटला नव्हता. २०१५ साली पुन्हा एक करार झाला, एक अब्ज येनचा निधी आला. पुढच्या सरकारने त्या निधीची संस्थाच बंद केली. २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी पोलाद कंपनीला मजुरांची भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये जपानने अर्धवाहक उद्योगाला लागणाऱ्या तीन रसायनांची निर्यात आवळली, कोरियन ग्राहकांनी जपानी मालावर बहिष्कार टाकला. डोक्यावर उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे असताना दोन लोकशाही राष्ट्रांनी गुप्त माहितीच्या देवाणघेवाणीचा करारही मोडण्याची वेळ आणली होती! २०२३ मध्ये समेट झाला. तो टिकावा अशी इच्छा आपण करू.

कोरियाच्या बाजूची एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने तीन लाखांहून अधिक कोरियन सैनिक लढले. फेब्रुवारी १९६८ मध्ये फोंग नी या खेड्यात कोरियन सैनिकांनी निरपराध गावकऱ्यांना ठार केले. त्यातून वाचलेल्या एका व्हिएतनामी स्त्रीला भरपाई द्यावी, असा निकाल फेब्रुवारी २०२३ मध्ये सेऊलच्या न्यायालयाने आपल्याच सरकारविरुद्ध दिला. सरकारने अपील केले, ही गोष्ट वेगळी. पण जो समाज स्वतःच्या अपराधाची सुनावणी स्वतःच्या न्यायालयात होऊ देतो, त्याने जपानकडे बोट दाखवले तर त्या बोटाला वजन येते.

वॉर्साची पायरी

पोलंडने जर्मनीकडून जे भोगले ते कशानेही कमी नव्हते. तरीही तेथे काही वेगळे घडले. १९६५ मध्ये पोलंडच्या धर्मगुरूंनी जर्मन धर्मगुरूंना पत्र लिहून क्षमा देऊ केली आणि मागितलीही. तेथील कम्युनिस्ट सरकार त्यांच्यावर तुटून पडले. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्साच्या ज्यू वस्तीच्या स्मारकासमोर गुडघे टेकून बसले. ब्रांट स्वतः हिटलरचे विरोधक. ते वर्षानुवर्षे परागंदा होते. वैयक्तिक दोष नसताना त्यांनी राष्ट्राच्या वतीने तो भार उचलला. जर्मनीत तेव्हा घेतलेल्या पाहणीत ४८ टक्के लोकांना ते अतिरेकी वाटले, ४१ टक्क्यांना योग्य. म्हणजे टाळ्यांसाठी केलेले ते कृत्य नव्हते. १९७२ पासून दोन्ही देशांचे इतिहासकार एकत्र बसून पाठ्यपुस्तके तपासू लागले.

वाद तेथेही संपलेला नाही. २०२२ मध्ये पोलंडने जर्मनीकडे तब्बल १.३ लाख कोटी युरोंची भरपाई मागितली. फरक एवढाच की हा वाद कागदांवर आणि सभागृहांत चालतो. सीमेवर दोन्हीकडचे सैनिक एकाच संरक्षण संघटनेचे आहेत. जपानच्या वाट्याला हे का आले नाही? शीतयुद्धात अमेरिकेला जपान हाताशी हवा होता. त्यामुळे सम्राटपद राहिले, आणि युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून तुरुंगात गेलेले नोबुसुके किशी १९५७ मध्ये पंतप्रधान होऊ शकले. शेजाऱ्यांशी हिशेब पुरा करण्याची निकड त्या देशाला भासली नाही. प्रयत्न मात्र झाले. २००६ मध्ये चीन आणि जपानच्या इतिहासकारांची संयुक्त समिती नेमली गेली. २०१० च्या तिच्या अहवालात जपानी अभ्यासकांनी आक्रमण आणि नानजिंगचे हत्याकांड मान्य केले. युद्धोत्तर काळावरचा भाग मात्र चीनच्या आग्रहामुळे प्रसिद्धच झाला नाही!

आपल्या घरी

बंधुभगिनींनो, आता आपल्या घरी येऊ. या सगळ्या प्रकरणात भारताची तीन पाने आहेत.

पहिले पान न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे. टोकियो खटल्याच्या ११ न्यायाधीशांत ते होते. त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्न निकालपत्र दिले. कृत्य घडल्यानंतर केलेल्या कायद्याने शिक्षा देता येत नाही आणि जेत्याने जिताचा केलेला निवाडा म्हणजे न्याय नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. यासुकुनीच्या आवारात २००५ पासून त्यांचे स्मारक आहे, आणि २००७ मध्ये आबे कोलकात्यात त्यांच्या पुत्राला आवर्जून भेटले. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो. पण त्याच निकालपत्रात पालांनी जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड असल्याचे स्पष्टपणे लिहिले आहे. ते वाक्य स्मारकापाशी जाणाऱ्यांच्या ओठांवर क्वचितच येते.

दुसरे पान सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९३८ मध्ये भारताने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून ते गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता झिजले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तेथेच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटाने त्यांना घरोघरी नेले. चीन आजही त्यांचे स्मरण करतो. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत. याबद्दल कृतज्ञ राहावे. मात्र कोटणीसांचा पुतळा जपणाऱ्या त्याच राजवटीने १९६२ साली काय केले, हेही सोबत लक्षात ठेवावे. एका आठवणीने दुसरी झाकू नये.

तिसरे पान अंदमानचे, आणि तेच मला सर्वांत अवघड वाटते. मार्च १९४२ मध्ये जपानने अंदमान घेतले. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच वेळी तेथील इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे अध्यक्ष डॉ. दिवाण सिंग जपान्यांच्या कैदेत सेल्युलर जेलमध्ये होते. पंधरवड्यात, १४ जानेवारी १९४४ रोजी, छळामुळे त्यांचा मृत्यू झाला. ३० जानेवारीला हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना हंफ्रीगंज येथे गोळ्या घालण्यात आल्या. हे वास्तव नेताजींपर्यंत पोहोचू दिले गेले नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नेताजींच्या थोरवीला त्याने तिळमात्र बाधा येत नाही. पण आपल्या कथनात जुळत नाहीत म्हणून त्या ४४ जणांना आपण विसरायचे काय?

१९५२ साली भारताने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि युद्धभरपाई सोडून दिली. आज जपान आपला विश्वासू मित्र आहे आणि असावा. परंतु क्षमा करायलाही आठवण लागते. ज्याला काही आठवतच नाही, त्याने क्षमा केली असे कसे म्हणावे? मैत्री भक्कम असेल तर तिला सत्याचे भय नसते.

इतिहास विसरा म्हणजे शांती लाभेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोरियाने ते साठ वर्षांपूर्वी करून पाहिले. दाबलेली आठवण दुप्पट वेगाने वर आली. इतिहास रोज उगाळा म्हणजे राष्ट्र बलवान होईल, असेही सांगितले जाते. चीनने ते केले. शेजारी दुरावला आणि स्वतःच्या समाजात पेटवलेला क्षोभ शांत करण्याची चिंता राजवटीच्या मागे लागली. तिसरा मार्ग कठीण आहे. सगळे आठवायचे: आपल्यावर झालेले आणि आपल्याकडून घडलेले, गौरवाचे आणि अडचणीचे. ती स्मृती सरकारच्या स्वाधीन करायची नाही. घराने, शाळेने, ग्रंथालयाने आणि अभ्यासकाने ती सांभाळायची. तिच्यातून शेजाऱ्याचा द्वेष न वाढता आपली सावधता वाढावी, हे पाहायचे.

आपल्यापैकी पुष्कळ जण मुलाबाळांना घेऊन अंदमानला जातात. सेल्युलर जेलमधील सावरकरांच्या कोठडीसमोर डोळे पाणावतात, आणि ते पाणावलेच पाहिजेत. यापुढे जाल तेव्हा पोर्ट ब्लेअरहून, २०२४ पासून ज्याचे नाव श्री विजयपुरम झाले आहे त्या गावाहून, हंफ्रीगंजलाही जा. तेथे त्या ४४ जणांचे स्मारक आहे. मुले विचारतील, ‘यांना कोणी मारले?’ त्यांना खरे उत्तर द्या.